खारीचा वाटा किती?

— एक होस्टेलवासी, तृतीय वर्ष (मेकॅनिकल)

मार्चमध्ये होस्टेलच्या नोटीस बोर्डावर दोन कागद शेजारी शेजारी लागले. एक निसर्ग मंडळाचा : ‘उन्हाळा सुरू झाला आहे, प्रत्येक गॅलरीत पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवा.’ दुसरा होस्टेल कमिटीच्या मीटिंगचा वृत्तांत. त्यात मेसच्या पोळ्या, पाण्याची टाकी वगैरे नेहमीच्या यशस्वी विषयांनंतर सातवा मुद्दा असा : ‘गॅलरीतील खारींच्या उपद्रवावर उपाय म्हणून उंदरांसाठी मिळतात तशा गोंदाच्या पाट्या आणणे.’

दोन्ही कागदांना एकच टाचणी पुरली असती! सकाळी दाणे घालून बोलवायचं आणि दुपारी त्याच जागी चिकटवून ठेवायचं. हा सातवा मुद्दा कमिटीने रद्द करावा, हे सांगण्यासाठी हा लेख. पण आधीच सांगतो, मी ‘बिच्चारी खार’ पार्टीतला नाही. तिने माझ्या ड्रॉइंग शीटचा कोपरा कुरतडून घरट्यासाठी नेलेला आहे. शिवाय आपल्या निसर्ग मंडळाचंही सगळंच बरोबर आहे असं मला वाटत नाही. तेव्हा दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो आहे.

प्रकरण काय ते नवीन लोकांसाठी थोडक्यात. आपल्या बॉइज होस्टेलच्या गॅलऱ्यांत मिळून चौदा बाटल्या टांगलेल्या आहेत. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात आरपार दोन लाकडी चमचे, आत मेसच्या कोठीतली तांदळाची कणी. चिमणीने चमच्यावर बसावं आणि दाणे टिपावेत, अशी कल्पना. प्रत्यक्षात मागच्या रायवळ आंब्याच्या फांदीवरून खार कठड्यावर येते, कठड्यावरून दोरीवर, आणि दोरीवरून उलटी, डोकं खाली करून बाटलीवर. सकाळी आठला भरलेली बाटली दहाच्या लेक्चरपर्यंत रिकामी. चिमण्या समोरच्या वायरवर बसून बघत असतात, मेसमध्ये उशिरा पोचलेल्या फर्स्ट इयरसारख्या.

डोकं खाली करून उतरणं ही काही साधी गोष्ट नाही बरं का! मांजर झाडावर सरसर चढतं पण उतरताना मागे मागे घसरत येतं. खारीच्या मागच्या पायाचा घोटा जवळजवळ उलटा फिरतो, त्यामुळे नखं वरच्या बाजूला रुतवून ती सरळ लटकू शकते. अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी २०२१ साली खारींच्या उड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फांदी किती लवते आणि समोरचं अंतर किती, या दोन्हींचा हिशेब करून खार उडी कुठून मारायची ते ठरवते, आणि लवचीकपणाला अंतरापेक्षा जास्त महत्त्व देते, असं त्यांना दिसलं. म्हणजे कँटिलिव्हर बीमचं डिफ्लेक्शन! आपल्याला जे एसओएममध्ये दोनदा बसून कळत नाही, ते तिला पाच-सहा प्रयत्नांत कळतं. उडी चुकलीच तर बाजूच्या भिंतीला पाय टेकून ती वेग कमी करते. त्या प्रयोगात एकही खार खाली पडली नाही.

तर अशा प्राण्याला बाटलीपासून दूर कसं ठेवायचं? हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत फार जुना आहे. तिथे परसात पक्ष्यांचं खाणं टांगणं हा घरोघरचा छंद, आणि ‘खार-प्रूफ’ फीडर विकणं हा मोठा धंदा. नासात क्युरिऑसिटी रोव्हरवर काम केलेला मार्क रोबर नावाचा इंजिनिअर आहे. त्याने २०२० साली, लॉकडाऊनच्या दिवसांत, असे विकतचे फीडर आणून बघितले. खारींनी ते एकेक करून निकालात काढले. मग त्याने परसात अडथळ्यांची अख्खी शर्यत उभारली, शेवटी बक्षीस म्हणून अक्रोड. खारींनी तीही पार केली. तो व्हिडिओ आपल्याकडे बहुतेकांनी सबमिशनच्या आदल्या रात्री बघितलेला आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

पण तिकडचं यंत्र इकडे चालेलच असं नाही. तिकडे एक फीडर मिळतो, त्याच्या बसायच्या दांडीला स्प्रिंग असते. जड प्राणी बसला की झाकण पडतं. दुसऱ्या एका प्रकारात मोटर असते, खार बसली की दांडी गरागरा फिरते. तिकडच्या करड्या खारीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि त्यांचे परसातले पक्षी त्यामानाने हलके, म्हणून हे जमतं. आपली तीन पट्ट्यांची खार भरते साधारण १०० ग्रॅम. साळुंकी तेवढीच. चिमणी २५-३० ग्रॅम. म्हणजे खारीला बंद होणारं झाकण साळुंकीलाही बंद होणार. ई अँड टीसीच्या मित्रांनी लोड सेल आणि आर्डुइनो लावून मिनी प्रोजेक्ट करायचं ठरवलं होतं, ते याच आकड्यांपाशी थांबलं. (त्यांनी नंतर ‘ऑटोमॅटिक प्लांट वॉटरिंग’ केलं, दरवर्षीप्रमाणे.)

आणखी एक फरक आहे. ब्रिटनमध्ये करडी खार ही मूळची नाहीच. १८७६ साली अमेरिकेतून आणून सोडलेली पाहुणी. तिने तिथल्या तांबड्या खारीला बहुतेक ठिकाणांहून हुसकावून लावलं. तेव्हा तिथल्या लोकांच्या रागाला कारण आहे. आपली खार आपल्या रायवळ आंब्याइतकीच इथली. सिंधुदुर्गातला माझा रूममेट तिला ‘चानी’ म्हणतो. तिच्या पाठीवरची बोटं कुणाची हे तर आजीने सगळ्यांना सांगितलेलं असतं. आणि तिची थोरली बहीण, शेकरू, हा तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

विंगमधल्या एकाने तिखटाचा प्रयोग केला. त्यामागचं सायन्स मात्र फर्स्ट क्लास आहे. तिखटाची जाणीव करून देणारा रिसेप्टर शोधून काढला डेव्हिड ज्युलियस यांनी, त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मिरचीतल्या कॅप्सायसिनने तुमची-आमची आणि खारीची जीभ भाजते, पण पक्ष्यांचा हाच रिसेप्टर कॅप्सायसिनला दाद देत नाही. म्हणून तर बुलबुल मिरचीच्या रोपावर बसून लाल मिरच्या निवांत खातो आणि बी लांब नेऊन टाकतो. तेव्हा कणीत मिरचीपूड घाला, पक्षी खातील, खार पळेल! फक्त रत्नागिरीचा वारा हिशेबात धरायचा राहिला. दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अख्ख्या विंगने ठसकत ठसकत अभ्यास केला. खार दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी पूड उडून गेल्यावर आली. दोरीला ग्रीस लावण्याची सूचनाही पुढे आली होती. ती मात्र कृपा करून कुणी अमलात आणू नका. ग्रीस पिसांना लागलं की पिसं चिकटतात, मग पक्ष्याला ना ऊब राहते ना नीट उडता येतं. खार ते अंगावरून चाटते ते वेगळंच.

आता गोंदाच्या पाट्या. मी पहिल्या वर्षी गावात खोली घेऊन राहत होतो. घरमालकांनी पडवीत उंदरासाठी अशी एक पाटी ठेवली होती. सकाळी बघतो तर त्यावर दयाळ पक्षी. झालं असं असणार, की पाटीवर आधी मुंग्या आणि झुरळं चिकटली, ती खायला दयाळ उतरला. एक पंख, दोन्ही पाय आणि शेपटी गोंदात. मालकीणबाईंनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. बोटाने थोडं थोडं तेल लावत एकेक पीस सोडवायला मला नि त्यांना तासाच्या वर लागला. त्याचं हृदय हातात इतक्या जोरात उडत होतं की मला वाटलं हातातच जातो. शेवटी तो कसाबसा उडून कुंपणावर बसला. शेपटीची पिसं पाटीवरच राहिली होती. त्यानंतर तो परत दिसला नाही.

तर कमिटीला माझा साधा प्रश्न आहे. पक्ष्यांच्या बाटलीखाली गोंदाची पाटी ठेवली तर आधी कोण चिकटेल? खाली सांडलेले दाणे टिपायला चिमण्या आणि होले उतरतात. गोंदाला खार आणि चिमणी यातला फरक कळत नाही. शिवाय जो प्राणी चिकटेल त्याचं पुढे काय करायचं, हे वृत्तांतात कुठेच लिहिलेलं नाही. मामा, म्हणजे आपले वॉचमन, पाटीसकट कचऱ्यात टाकणार आणि तो तिथे एक-दोन दिवस तडफडून मरणार. या पाट्यांवर बंदी आणा, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना सांगितलेलं आहे, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा कायदा १९६० पासून आहे. पण कायदा सोडा. रोज सकाळी दात घासताना ते बघायची आपली तयारी आहे का?

इतकं लिहून ‘खारी वाचवा’ म्हणून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण गडग्यापलीकडच्या काकांचं म्हणणं आपण कुणी नीट ऐकलेलं नाही.

होस्टेलच्या मागे चिऱ्याचा गडगा आहे आणि त्यापलीकडे काकांचं आगर. माड, पोफळी, दोन-चार जायफळं. मागच्या महिन्यात क्रिकेटचा बॉल आणायला गेलो, तेव्हा त्यांनी मला खाली पडलेले कोवळे नारळ दाखवले. देठाजवळ गोल भोक, आतलं पाणी आणि मलई गायब. काही उंदराचं काम, काही खारीचं. दातांच्या खुणांवरून ते ओळखतात. म्हणाले, “पोरांनो, पुण्य तुमचं नि नारळ माझे. तुम्ही मेअखेर घरी जाल. तुमच्या पंगतीला जमलेल्या खारी मग जेवायला कुणाकडे येणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा बाटल्या म्हणजे चौदा ठिकाणी रोजचं फुकट जेवण. खारी तिथे जमतात हे आपण रोज बघतो. परीक्षा संपली की बाटल्या रिकाम्या आणि पिल्लांसकट सगळी फौज गडग्यावरून पलीकडे. आपल्यासाठी हा गॅलरीतला विरंगुळा आहे, त्यांच्यासाठी ते वर्षाचं उत्पन्न. ‘निसर्गावर प्रेम करा’ असं त्यांना जाऊन सांगायची माझी तरी हिंमत नाही. वानर-माकडांनी या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं काय केलं आहे ते घरी शेती असलेल्यांना सांगायला नको. परसातली केळी, भाजी, पावटा लावायचंच कित्येकांनी सोडून दिलं. बागायतदारांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली, वनखात्याला माकडं पकडायची मोहीम घ्यावी लागली. आणि आपण तिसऱ्या मजल्यावर उघड्यावर खाणं टांगतो! गेल्या एप्रिलमध्ये एक हुप्प्या येऊन बाटली दोरीसकट उपटून घेऊन गेला, जाता जाता २१४ मधलं मॅगीचं पाकीटही. खारीसाठी काहीतरी अडथळा करता येतो, वानराला दाण्याची सवय लागली तर त्यावर यंत्र नाही.

मुळात आपण नक्की कुणाला भरवतो आहोत, हेही एकदा बघायला हवं. मी आणि रूममेटने एका रविवारी सकाळी सहा ते नऊ बसून यादी केली. आवारात बुलबुल, दयाळ, कोतवाल, तांबट, शिंजीर, भारद्वाज, साळुंक्या, चिमण्या, होले, पारवे एवढे दिसले. त्यातले बाटलीकडे फिरकले फक्त चिमण्या, होले आणि पारवे. बरोबरच आहे, कोतवाल किडे खातो, तांबट फळं खातो, शिंजीर मध पितो. कणी घालून त्यांचं काय होणार? चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. आणि पारव्यांना रोज आयतं मिळालं की पुढे काय होतं ते मुंबईत दिसलंच. कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये केवढं रणकंदन झालं, दादरचा कबुतरखाना झाकावा लागला, आणि विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचा मुद्दा कोर्टात गेला. पाण्याच्या भांड्यावर मात्र यादीतले निम्म्याहून जास्त पक्षी येऊन गेले. खारही आली, पाणी प्यायली आणि गेली. कुणी कुणाला हाकललं नाही.

आपल्याकडे पूर्वी पक्ष्यांना द्यायची रीत होतीच की. नवं भात आलं की लोंब्यांची जुडी पडवीत नाहीतर देवळात टांगायची. चिमण्या टिपून संपवायच्या, संपली की संपली. बाराही महिने भरलेलं कोठार कुणी टांगत नव्हतं. त्यात पावसाळा! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये बाटलीतली कणी दोन दिवसांत भिजून गोळा होते आणि त्यावर बुरशी धरते. बुरशीच्या काही जातींपासून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते पक्ष्यांना विष आहे. मागच्या जुलैत सुट्टीवरून परत आल्यावर सहा बाटल्यांत काळा-हिरवा थर होता, तो मी स्वतः काढून टाकला. वास अजून आठवतो.

म्हणून माझं म्हणणं असं. चौदाच्या चौदा बाटल्या उतरवाव्यात. पाण्याची भांडी राहू द्यावीत, फक्त रोज घासून पाणी बदलावं, नाहीतर डासांची पैदास आपणच करू. दाण्यासाठी सगळ्या होस्टेलचं मिळून एकच ठिकाण, मेस आणि व्हॉलीबॉल कोर्टच्या मधल्या मोकळ्या जागेत. मार्च ते मे, रोज सकाळी एक वाटी, तासाभरात संपेल एवढंच. संध्याकाळी दाणा उरला नाही म्हणजे उंदीर येत नाहीत आणि वानराला थांबण्यासारखं काही राहत नाही. सुट्टी लागायच्या आधी पंधरा दिवस वाटी कमी कमी करत बंद. निसर्ग मंडळाने चिमण्यांसाठी लाकडी घरट्यांची पेटी टांगायचं ठरवलं आहे, ती या दाण्याच्या ठिकाणापासून शक्य तितकी लांब टांगावी. खार अंडी आणि लहान पिल्लंही खाते. तिथे मात्र तिला मज्जाव असलाच पाहिजे.

आणि त्या एका ठिकाणी खारीला वर चढू द्यायचं नाही. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, भाट्याच्या पुलापलीकडे जायचं. १९५५ पासून तिथे नारळ संशोधन केंद्र आहे, त्या रस्त्याने गेलात तर वाटेतल्या बागा बघत जा. काही माडांना पुरुषभर उंचीवर पत्र्याचा पट्टा मारलेला दिसेल. उंदीर चढू नये म्हणून हा उपाय नारळाच्या शिफारशींमध्ये आहे. जमिनीपासून सुमारे २ मीटरवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा. नखं रुतायला जागा नाही, की प्राणी घसरून खाली. अट एकच, शेजारच्या माडाची झावळी याला टेकता कामा नये, नाहीतर उंदीर पत्रा न बघताच वरच्या वर येतो. माडात ७.५ मीटर अंतर ठेवायला सांगतात त्याचा हाही एक फायदा. आपल्या बाटल्यांचं नेमकं हेच चुकलं, दोरी कठड्यालाच बांधलेली. आम्ही एक बाटली झाडापासून आणि कठड्यापासून सात-सात फूट लांब, मधल्या मोकळ्या वायरवर नेऊन बघितली. वायरवर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे ओवले, पाय ठेवला की गोल फिरतात. खारीने दोन दिवस प्रयत्न केले, तीन वेळा खाली पडली, अंग झटकून निघून गेली. १०० ग्रॅमच्या जिवाला पडण्याचं काही वाटत नाही.

खांबाला पट्ट्याऐवजी उलटं नरसाळं लावू. ३० सेंटिमीटर त्रिज्येची गोल चकती, त्यातला ९० अंशांचा तुकडा कापून उरलेल्याचा शंकू केला की तोंड ४५ सेंटिमीटर व्यासाचं होतं. फर्स्ट इयरला ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ कशाला शिकवतात असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी! नरसाळं जमिनीपासून ५ फुटांवर, दाण्याचं ताट ७ फुटांवर, आजूबाजूला दहा फूट काही नाही. चिमण्या खाताना निम्मे दाणे खाली उधळतात. ते खाली बसून खार खाईल. तेवढं तिला असू द्या. काकांना मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, नरसाळं चालेल, पण पत्रा उरला तर माझ्या गडग्यालगतच्या चार माडांनाही पट्टे मारून द्या. मी हो म्हणून आलो आहे.

पत्रा वर्कशॉपच्या भंगारात आहे, २४ गेजचा, थोडा गंजलेला पण चालेल. दीड इंची जीआय पाइप मेसमागे पडलाय, तो नेण्यासाठी रेक्टर सरांची सही लागेल. कमिटीने सातवा मुद्दा खोडला की पहिल्या शनिवारी दुपारी तीनला शीट मेटल शॉपमध्ये जमायचं. ग्लोव्हज आपापले आणा, पत्र्याची धार वाईट लागते. माडावर शिडी लावायला उंच माणूस हवा आहे, सिव्हिलवाल्यांनी कुणीतरी पाठवा.